ठमीबायच्या घरातला कप्तान

ठमीबायला कुणी "नको" म्हटलं की ती गोष्ट झालीच म्हणून समजा. गावात याला हट्ट म्हणतात. मी म्हणत नाही. ज्या बाईला जन्मभर कुणी "तुला काय हवंय?" असं विचारलं नाही, तिनं न विचारता मोठ्यानं सांगितलं तर तो हट्ट कसा? पण आमच्या गावात सल्ला फुकट मिळतो, तोही न मागता, आणि बायकांना जरा जास्तच मिळतो.

ठमीबाय माझी शेजारीण. वय पासष्टच्या पुढं, अंगानं काटकुळी, आवाज मात्र असा की चार घरांपलीकडं भांडं पडलं तर ते कुणाचं हे ती ओट्यावरूनच ओरडून विचारते आणि उत्तर येतं. ती धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात देवांना आणि पितरांना नावं घेऊन मांडवात बोलवायचं, धवले म्हणजे लग्नाची गाणी गायची, हळदीला नवरीला पाटावर बसवायचं, हे तिचं काम. मी नवऱ्या सजवते, म्हणजे ब्युटी पार्लर चालवते. त्यामुळं लग्नसराईत आम्ही दोघी माझ्या स्कूटीवरून एकत्रच फिरतो. ती नवरीला देवापुढं उभी करते, मी कॅमेऱ्यापुढं.

धवलारणीला बोलवायची आमच्याकडं एक रीत आहे. घरातला मोठा माणूस ताटात विड्याची पानं, सुपारी, गूळ-खोबरं घेऊन तिच्या दारी जातो. तिच्या घरात विडा खाल्ला गेला की ती बांधली गेली आणि लग्नघरही बांधलं गेलं. मग तिला ताप येवो की पाय मोडो, ती गाणार. आणि दुसरी कुठलीही धवलारीण त्या लग्नाला हात लावणार नाही.

आता कप्तानचं सांगते.

मांडव्याच्या रस्त्याला हल्ली भातापेक्षा बंगले जास्त पिकतात. त्यातला एक मृणाल मॅडमचा. ठमीबाय तिथं झाडलोट करायची. मॅडम लेकीकडं कॅनडाला कायमच्या निघाल्या, बंगला विकला गेला. नव्या मालकाला बाग हवी होती, आंब्याची झाडं हवी होती, मॅडमचा लॅब्रॅडॉर नको होता. बिस्किटाच्या रंगाचा, आठ वर्षांचा, पोट सुटलेला तो कप्तान.

"ठमीताई, तुम्ही ठेवाल का त्याला?" मॅडमनी डोळे पुसत विचारलं. "मी दर महिन्याला पैसे पाठवीन."

"पैसं नको," ठमीबाय म्हणाली. "पैसं घेतलं त कुत्रा तुमचाच ऱ्हाईल. ठेवला त माजा म्हनून ठेवीन. बगू. तुलशीचा लगीन होऊ दे, मंग सांगतंय."

मॅडम गेल्या आणि तोवरच्या बोलीवर कप्तान ठमीबायच्या घरी आला. राखणीला तो शून्य. चोर आला तर शेपटी हलवत त्याला कपाटापर्यंत नेऊन सोडेल. बाहेर झोपवला तर गावातली कुत्री त्याच्यावर धावून येत, आणि हा एवढा मोठा गडी ठमीबायच्या लुगड्यामागं लपे. म्हणून तो घरात झोपू लागला. तिथंच सगळं बिनसलं. अंगणात कुत्रा असला तर कुणाची हरकत नसते. आमच्याकडं प्रत्येक अंगणात असतो. पण धवलारणीच्या घरात, उंबऱ्याच्या आत, देव्हाऱ्यापासून हातभर अंतरावर?

त्यात कप्ताननं नीराबायचा वाळत घातलेला जवळा, ती बारीक सुकी कोलंबी, खाल्ला. चटईसकट चाटून काढला म्हणा ना. नीराबाय म्हणजे आमच्या भावकीतल्या हिरामणदादांची बायको. ती तरातरा ठमीबायच्या ओट्यावर आली. मी तिथंच बसले होते.

"धवलारनीच्या घरान कुत्रा!" नीराबाय म्हणाली. "देव येतील काय तुज्या हाकंला?"

"जेजुरीचा देव येतो तवा त्याचे संगती कुत्रा असतो," ठमीबाय म्हणाली. "त्याला मांडवान हात जोरता ना? मंग माज्यानं काय बिगरवला?"

"देवाचा कुत्रा जवला चोरत न्हाय," नीराबाय म्हणाली.

यावर ठमीबायसुद्धा हसली. मग उठून स्वतःच्या डब्यातला जवळा तिला मापून दिला, तोही कुरकुरतच.

पण ती कितीही तणतणली तरी तिचं ठरलेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. अडचण जवळ्याची नव्हती. अडचण होती जीवनची. जीवन तिचा एकुलता एक मुलगा. न्हावाशेवा बंदरात त्याचे दोन ट्रेलर चालतात, उलव्याला अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे. तो वाईट मुलगा असता तर सगळं सोपं होतं. पण तो आईवर जीव टाकणारा आहे, म्हणून तर पंचाईत. बाप गेल्यापासून तो तिला "चल माझ्याकडं" म्हणून मागं लागला होता. या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली, पावसाच्या माऱ्यात तिचीसुद्धा हाक बराच वेळ कुणाला ऐकू गेली नाही, आणि तेव्हा पहिल्यांदाच तिनं मान डोलावली होती. तुळशीचं लग्न झालं की येते, असं सांगितलं होतं. आणि सुनेला दमा. कुत्र्याच्या केसांनी तिला धाप लागते, खोटं नाही ते.

म्हणजे कुत्रा ठेवायचा तर उलवे नाही, आणि उलव्याला जायचं तर कप्तान नाही. एवढा साधा प्रश्न होता आणि ठमीबाय त्यावर रोज उलटसुलट बोलायची.

"नातवाचं त्वांड रोज दिसल गं," ती सकाळी म्हणायची. आणि दुपारी, "त्या अकराव्या माल्यावर मी धवलं कोनाला म्हनू? लिफ्टला?"

एकदा तिनं विचारलं, "कल्पे, ही कुत्री किती वरसा जगतान?"

"बारा-तेरा," मी म्हटलं.

तिनं कप्तानकडं पाहिलं. तो उठायचा प्रयत्न करत होता, मागचे पाय साथ देत नव्हते. तिचेही गुडघे तसलेच. "म्हंजे आमी दोगा बरोबरच जुनी झालू," ती म्हणाली. "मी आधी गेली त याचा काय? ह्यो आधी गेला त माजा काय?" हे बोलताना तिच्या डोळ्यात पाणी होतं आणि ते तिनं लपवलं नाही.

तुळशीचं लग्न लागलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी जीवन टेम्पो घेऊन हजर झाला, आईचं सामान न्यायला. नेमक्या त्याच वेळी हिरामणदादा ताट घेऊन आले. त्यांच्या नातीचं, अमिषाचं लग्न ठरलं होतं. मेकअपचं ठरवायचं होतं म्हणून मलाही बोलावून घेतलं. लग्नाच्या दिवशी आईला मी घेऊन येईन, असं जीवननं त्यांना आधीच कबूल केलेलं. दादांनी ताट ओट्यावरच्या चटईवर ठेवलं, पण पुढं सरकवलं नाही.

"ठमीबाय, विडा घ्याचे आदी एक सांगतो," ते म्हणाले. "ह्यो कुत्रा आजचे आज घरातशी गेला पायजे. घर धू, गोमूत्र शिंपर. मंग विडा घे."

"काका, त्याची काळजी सोडा," जीवन म्हणाला. "पनवेलला कुत्री ठेवतात त्या लोकांशी बोललोय मी. जाता जाता त्याला तिथं उतरवायचं नि आयेला घेऊन घरी जायचं. सगला ठरलाय."

"कोनी ठरवला?" ठमीबायनं विचारलं.

"आये, आता त्याच्यावर काय बोलाचा..."

"कोनी ठरवला, ईचारलाय मी."

मग दोघे पुरुष एकदम बोलू लागले. एक धर्म सांगत होता, दुसरा डॉक्टर. तिचे गुडघे, तिचं ब्लडप्रेशर, तिची न्हाणी, तिचं सोवळं, सगळ्यावर बोलून झालं, आणि ज्या बाईचं हे सगळं होतं ती भिंतीला टेकून उभी होती. मला असा राग आला म्हणून सांगू! पण मी शेजारीण पडले. मी नजर खाली वळवली, आणि तेव्हा ताट दिसलं.

कप्ताननं पानं खाल्ली होती. गूळ संपवला होता. खोबऱ्याची वाटी दोन्ही पंजांत धरून तिचा शेवटचा तुकडा तो मन लावून चावत होता. सुपारी मात्र न आवडून चटईवर टाकलेली.

मी हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

"बाटला!" हिरामणदादा ओरडले. "विडा बाटला! माज्या नातीचा विडा!" त्यांनी रिकामं ताट उचललं. "मी दुसऱ्या दारी जातो. धवलारनी काय कमी हायत?"

ठमीबाय भिंतीपासून पुढं आली. वाकली, गुडघा धरून खाली बसली, सुपारी उचलून पदराला पुसली आणि कनवटीला खोचली.

"बाटला न्हाय, खाल्ला," ती म्हणाली. "माज्या दारान आलेला विडा माज्या घरातल्यान खाल्ला. आता लगीन माजा. जा दादा, कोनाच्या दारी जातंस त्याच्या दारी जा."

"घरातला?" जीवननं कपाळाला हात लावला. "आये, तुजा त अजून ठरलाच नवता!"

"आता ठरला."

दादा पाय आपटत गेले. जीवन मात्र ओट्यावरच बसला. त्यानं समजुतीचा सूर लावला, आणि तोच तिला जास्त झोंबला. "आये, तुज्या मागारी त्याचा कोन करल, सांग मना."

"तुजा बा गेल्यापास्ना तुमी सगली माज्या मराचीच तयारी करतांव," ती कडाडली. "न्हानीन परशील, मंग कोन? आजारी परशील, मंग कोन? आरं, मी अजून हाय! मना घरान येताना दारान कोनतरी वाट बगताना दिसाला पायजे. तू फोनवर ईचारतंस, जेवलीस काय. ह्यो मी जेवतंय तवर हालत न्हाय."

"तो भाकरीसाठी हालत नाय, आये."

"मंग? तू पन लहान असताना भाकरीसाठीच बसायचास."

टेम्पो रिकामा गेला.

हिरामणदादाही आगरीच, मागं हटणारे नव्हेत. ते खरंच दुसऱ्या दारी गेले, तिसऱ्याही. प्रत्येक धवलारणीनं एकच विचारलं, ठमीच्या घरातून विडा परत आला काय? परत कसा येणार, तो कप्तानच्या पोटात! एकीनंही ताटाला हात लावला नाही. तेव्हा दादांनी शहाणपण काढलं. अलिबागहून साउंडवाला बोलावला आणि रेकॉर्डिंगवरचे धवले लावायचं ठरवलं. ठमीबायकडं मात्र कुणी फिरकलं नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी मी मांडवात अमिषाच्या डोळ्यांना काजळ लावत होते. स्पीकर सुरू झाला. चांगला होता आवाज, कुणातरी शिकलेल्या बाईचा, मागं पेटी-बिटी. पण त्यात ना अमिषाच्या पणज्याचं नाव, ना आमच्या गावदेवीचं. कुणाच्याही लग्नात वाजेल असं गाणं. बायका हातात हळदीच्या वाट्या घेऊन नुसत्या उभ्या होत्या.

आणि गल्लीपलीकडून ठमीबायनं सुरू केलं.

ती आपल्या ओट्यावर बसली होती. पुढं कप्तान आडवा पसरलेला. मांडवात तिला बोलावणं नव्हतं म्हणून ती आली नव्हती. पण विडा घरात खाल्ला गेला होता, म्हणून ती गात होती. गावदेवीला हाक मारली, एकविरेला मारली, मग हिरामणदादांच्या बापाला, आजाला, बाळंतपणात गेलेल्या थोरल्या काकीला, एकेकाला नाव घेऊन. साउंडवाल्यानं आवाज वाढवला. तिनं त्याहून वाढवला. मी गर्रकन मान वळवली आणि अमिषाचं काजळ फराटलं.

अमिषा तशीच उठली, एका डोळ्यात काजळ आणि एक कोरा. सरळ स्पीकरपाशी गेली आणि वायर उपटली.

"अगं पोरी!" दादा खुर्चीतून उठले.

"विडा जिथं गेला तिथूनच धवला येनार," नीराबाय म्हणाली. जवळ्यावरून भांडलेली तीच नीराबाय. तिनं हळदीत बोट बुडवलं. "लावा गं बायांनो. ऐकू येतंय ना?"

गल्लीपलीकडच्या धवल्यावर हळद लागली. हिरामणदादा ठमीबायच्या ओट्याकडं पाठ करून बसले, आणि शेवटपर्यंत तसेच बसले.

दुपारी नीराबाय मानाचं लुगडं आणि जेवणाचं ताट घेऊन स्वतः ओट्यावर गेली. मीही मागं गेले. ताटामागं एक पत्रावळही होती, वडे आणि वालाचं बिरडं घातलेली, कप्तानसाठी. जीवन भावकीतला म्हणून हळदीला आला होता. तो आईशेजारीच पायरीवर बसलेला होता, मान खाली घालून.

"आये, म्हंजे तू येत न्हाईस," तो हळूच म्हणाला.

"आजारी परली की येईन. जगायचा हाय तवर हयाच," ती म्हणाली. मग पत्रावळ जवळ ओढून तिनं बिरडं बोटानं चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "याला तिखट चालत न्हाय. कोरा भात पायजे."

नीराबाय आ वासून बघत राहिली. मला वाटलं आता पुन्हा भांडण पेटतंय. पण जीवन उठला, पत्रावळ हातात घेतली आणि कोरा भात मागायला मांडवात गेला.