नमुन्याच्या ओळीतला नंबर

सदाशिव पेंढारकरांनी भोपाळच्या टाऊनशिपमध्ये एकतीस वर्षं काढली. त्यांतली शेवटची चार एका ओळीपायी गेली.

कारखान्याच्या संगणकात प्रत्येक यंत्रासाठी एक ड्रायव्हर असे. यंत्राचं म्हणणं संगणकाला कळवणारा छोटा प्रोग्राम. काही बिनसलं की तो लॉगमध्ये, म्हणजे संगणकाच्या नोंदवहीत, एक ओळ लिही. पण ड्रायव्हर लिहिणारे बाराजण आणि बाराजणांच्या बारा तऱ्हा. एकाचा पंप ‘एरर ७’ म्हणे, दुसऱ्याचा ‘रीड फेल’, तिसऱ्याचा नुसतंच ‘गडबड है’. पाळीवरचा माणूस डोकं धरून बसे.

पेंढारकरांनी सगळ्यांसाठी एकच ओळ बांधली. आधी वेळ, मग यंत्र, मग पातळी: माहिती, इशारा की बिघाड. शेवटी काय झालं ते. बिघाड आला तरच भोंगा वाजायचा.

विभागप्रमुख विजय खानवलकरांनी मंजुरीच्या फाईलवर ओळीच्या शेवटी एक रकाना वाढवला. ड्रायव्हर लिहिणाऱ्याचा कर्मचारी क्रमांक.

“जिम्मेदारी तय होनी चाहिए, पेंढारकरजी.”

“साहेब, दुखणं यंत्राचं आहे. माणूस कशाला शोधायचा?”

“मग फाईल परत पाठवू?”

पेंढारकरांनी रकाना ठेवला. सूचनापुस्तिकेत त्यांनी नमुन्याची ओळ छापली. रकाना रिकामा कसा ठेवायचा, म्हणून स्वतःचा नंबर घातला. ४१८६.

बाराही जणांनी ती ओळ जशीच्या तशी उचलली. यंत्राचं नाव बदललं. नंबर तसाच राहिला.

मार्चमध्ये चाचणीची मोटर जळाली. लॉगमध्ये सहा मिनिटं आधी ओळ आली होती. पातळी मात्र ‘इशारा’. तिथे ‘बिघाड’ हवं होतं. भोंगा वाजलाच नाही. चौकशी समितीने शेवटचा रकाना पाहिला. ४१८६.

मोटरचा ड्रायव्हर कल्पनाचा होता. टाऊनशिपमध्येच वाढलेली, गेल्या वर्षी नोकरीला लागलेली. ती जिन्यात आडवी आली.

“काका, मी सांगते त्यांना.”

“कायम झालीस का?”

“जुलैमध्ये होईन.”

“मग जुलैपर्यंत तोंड उघडू नकोस.”

खानवलकरांनी दार लावून घेतलं. “नंबर सगळ्यांनी उतरवलाय, मलाही दिसतंय. पण ते समितीपुढे आलं तर नमुनाच सदोष म्हणून तुमचा फॉर्मॅटच रद्द होईल. तुम्ही चूक कबूल करा. फॉर्मॅट राहील, माझा शब्द.”

पेंढारकरांनी सही केली. निवृत्तीला पाच महिने उरलेले. सेवापुस्तिकेतला पहिला ठपका.

बिट्टन मार्केटात भेंडी निवडताना त्यांच्या पत्नी मनोरमाबाई म्हणाल्या, “दुसऱ्याची चूक अंगावर घेतलीत. एवढं काय होतं त्या ओळीत?”

“राहिली ना ती.”

खानवलकरांनी शब्द पाळला. सगळ्या ड्रायव्हरांत ज्याचा त्याचा खरा नंबर घालायचा हुकूम निघाला. मेमध्ये पेंढारकर नियंत्रण कक्षात गेले. पडद्यावर ओळी उतरत होत्या. वेळ, यंत्र, पातळी, रकान्याखाली रकाना, एकही वाकडी नाही. पंप सुरू झाला: बिघाड. पंप थांबला: बिघाड. तेल भरलं: बिघाड. आता आपल्या नंबरावर कमी पातळी लिहायची कोणाची छाती नव्हती.

“भोंगा का वाजत नाही?” त्यांनी विचारलं.

पाळीवरच्या माणसाने पडद्यावरून नजर काढली नाही. “दिनभर चिल्लाता था, साहब. तार निकाल दिया.”