घरचे शेणखत, दोन गाड्या

आमच्याकडे विषाला औषध म्हणतात. औषध मारलं, औषध आणलं, औषधाचा वास येतोय, जरा लांब बस. दुकानातल्या बाटलीवर लाल चौकोन आणि कवटी असते तरी तिचं नाव औषधच. मला पूर्वी यात काही वाटायचं नाही. आता कोणी औषध म्हटलं की तोंडात कडू पाणी येतं, आणि माझी नोकरी अशी की दिवसातून वीस वेळा तो शब्द ऐकावा लागतो.

मी सेंद्रियवाला. म्हणजे नंदुरबार तालुक्यातल्या चाळीस शेतकऱ्यांचा एक गट आहे, त्या गटाला सेंद्रिय शेतीचं सर्टिफिकेट मिळवून द्यायचं आणि मिळालेलं टिकवायचं, हे माझं काम. प्रत्येकाची एक डायरी. कधी पेरलं, काय टाकलं, काय फवारलं, सगळं शेतकऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं आणि खाली सही करायची. वर्षातून एकदा बाहेरून इन्स्पेक्टर येतो, डायऱ्या बघतो, शेतं बघतो. तीन वर्षं पार पडली की सर्टिफिकेट. कागदावर फार सुंदर व्यवस्था आहे.

आता खरं सांगतो. चाळीसच्या चाळीस डायऱ्या मीच लिहायचो. शेतकऱ्याला सांगून सांगून जीभ झिजली, कोणी लिहीना. शेवटी आषाढात दोन दिवस ऑफिसात पंखा लावून बसायचो, तीन रंगांचे पेन घ्यायचो, कोणाचं अक्षर तिरपं, कोणाचं गिचमीड काढायचो, आणि सह्याही ठोकायचो. खताच्या रकान्यात चाळीस वेळा एकच वाक्य: घरचे शेणखत, दोन गाड्या. ज्याच्या दारात दहा म्हशी त्यालाही दोन गाड्या, आणि ज्याच्या दारात कोंबडीसुद्धा नाही त्यालाही दोन गाड्या. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटायचं, हे सांगतानाही किळस येते.

त्या चाळिसांत एक माझी वहिनी होती.

मोठा भाऊ सुरतेला नोकरीला. वहिनीला सुरत मानवली नाही, ती गावी, कोरीटलाच राहिली आणि शेत तिनं हातात घेतलं. आमच्या भागात एक रीत आहे, ती सगळे पाळतात आणि कोणी बोलत नाही. भाजीच्या वावरात बांधाकडेची एक ओळ घरची असते. तिच्यावर औषध मारत नाहीत. वांगी, गिलकी, मिरची, जे घरात खायचं ते त्या ओळीतलं. बाकीचं मार्केटला. लग्न होऊन आली तेव्हा वहिनीनं त्या ओळीबद्दल सासूला विचारलं होतं, आणि उत्तर ऐकून दोन दिवस जेवली नव्हती म्हणे. आम्ही तेव्हा हसलो होतो. शेत हातात आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते हे की सगळंच वावर घरच्या ओळीसारखं करून टाकलं.

मिरची पहिल्या वर्षी कोकडली. पानं आखडली, झाडं गुडघ्याएवढीच राहिली. भाऊ भडकला. पपईचा एक ठेकेदार शेत मागत होता, रोख भाडं आणि डोक्याला ताप नाही. भावाचं म्हणणं, देऊन टाकू. वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्यासमोर अडून बसली. तीन वर्षं द्या, म्हणाली. सर्टिफिकेट आलं तर शेत माझ्याकडे राहील. नाही आलं तर तुम्ही पपई लावा नाहीतर काहीही करा, मी बोलणार नाही. भावानं माझ्याकडे बघितलं. मी छाती काढून म्हटलं, सर्टिफिकेटचं माझ्याकडे लागलं. घरातच सेंद्रियवाला असल्यावर काळजी कसली.

तीन वर्षं तिनं काय केलं ते मी बघितलंय. निंबोळ्या वेचून वाळवायची, कुटायची, भिजवायची. पहाटे वावरात जाऊन पानं उलटी करून बघायची. बैलजोडी भावानं विकली तेव्हा खताचा प्रश्न आला, तर तिनं ठेलाऱ्याला गाठलं. हे मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणारे लोक, उन्हाळ्यात आमच्या पट्ट्यात येतात. त्यांना दादर ज्वारी द्यायची, चहा-भाकर द्यायची, आणि कळप आपल्या वावरात बसवून घ्यायचा. रात्रभर मेंढ्या बसल्या की लेंड्या आणि मूत मिळून जमिनीला जे मिळतं ते कुठल्याच गोणीत मिळत नाही. आमचे बापजादे हेच करायचे. वहिनीनं सहा रात्री कळप बसवला, रोज जागा बदलून. कुठल्या तुकड्यात एक रात्र आणि कुठल्या तुकड्यात दोन, हे तिला तोंडपाठ होतं. तिसऱ्या वर्षी मिरची अशी आली की रस्त्यानं जाणारे मोटारसायकल थांबवून बघायचे.

आणि तिच्या बांधाला लागून आमचा शेजारी. तोही गटात. याच्या शेताच्या तोंडाशी पाटी: सेंद्रिय शेती, रसायनास मनाई. पाटीच्या मागे पंप. सूर्य मावळला की हा फवारायला निघायचा, आणि सकाळी त्याच्या बांधावर मेलेल्या मधमाश्या पडलेल्या असायच्या. रिकाम्या बाटल्या गोणीत भरून नाल्यात. त्या नाल्यावर गुरं पाणी पितात. मी हे बघितलं नव्हतं असं नाही. मी त्याला इतकंच म्हणायचो की दादा, जरा आडोशाला करत जा. थू माझ्या तोंडावर.

इन्स्पेक्शन ठरलं मार्गशीर्षात. आदल्या आठवड्यात मी घरोघर फिरून सगळ्यांची उजळणी घेतली. काय टाकलं विचारलं तर काय सांगायचं? घरचं शेणखत. फवारलं काय? निंबोळी अर्क. म्हातारी माणसं शाळेतल्यासारखी म्हणून दाखवायची आणि लाजायची. एकोणचाळीस जणांची तयारी करून घेतली. वहिनीकडे गेलोच नाही. जिच्याकडे लपवायला काही नाही तिला शिकवायचं काय? एवढी साधी गोष्ट. आजही आठवली की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

इन्स्पेक्टर चांगला माणूस होता, हेही सांगायला हवं. पुण्याकडचा, तरुण, उन्हानं लाल झालेला, कोणाकडे चहाशिवाय काही घेतलं नाही. आधी शेजाऱ्याचं शेत. शेजाऱ्यानं निळे ड्रम ओळीनं मांडले होते, जीवामृत, दशपर्णी, सगळं दुकान. तीन दिवसांपूर्वी भरलेले. एकात अळ्या वळवळत होत्या. यानं त्यात हात घातला, कोपरापर्यंत, बाहेर काढून नाकाला लावला आणि डोळे मिटून म्हणाला, काय सुगंध आहे साहेब, आमची तर ही लक्ष्मी. साहेबानं फोटो काढला. दारात दोन गाई होत्या, डायरीत दोन गाड्या होत्या, सगळं जुळलं. दहा मिनिटांत काम झालं.

मग वहिनी. ती नवं लुगडं नेसून बांधावर उभी होती. साहेबानं मिरची बघितली, पानं बघितली, मातीत बोट घालून बघितलं, खूश झाला. मग त्यानं डायरी उघडली आणि सहज विचारलं, ताई, गोठा कुठे आहे? घरचं शेणखत लिहिलंय, जनावरं किती तुमच्याकडे?

माझ्या पायाखालची माती सरकली. वहिनीला मात्र आनंद झाला. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिला खताबद्दल विचारत होतं.

"मन्हाकडे कोठे ढोरं शेतस साहेब? आठे मेंढ्या बठेल व्हत्यात. सहा रात."

आणि कळप बसला होता ती जागा दाखवायला ती त्याला घेऊन निघाली. इथे एक रात्र, बघा झाडं मांडीपर्यंत. इथे दोन रात्री, बघा कमरेला लागतात. साहेब मागे मागे चालत होता आणि डायरीचं पान पुन्हा पुन्हा बघत होता. त्यानं विचारलं, कळप कुठून आला होता? वहिनी म्हणाली, रनाळ्याकडून, कापसाच्या वावरातून. तिथे कापसावर फवारणी होते? ती हसली. साहेबाच्या अडाणीपणाचं तिला नवल वाटलं असावं. सगळेच फवारतात, म्हणाली.

बाहेरून आलेलं खत चालतं. मेंढ्यांचं तर नक्कीच चालतं. एका पानाचा अर्ज असतो, इन्स्पेक्शनच्या आधी परवानगी घ्यायची, डायरीत खरी नोंद करायची, संपलं. ते कोरे अर्ज माझ्या टेबलाच्या खणात पडलेले होते. मी ज्या दिवशी पंख्याखाली बसून तिच्या डायरीत दोन गाड्या लिहिल्या त्या दिवशी उठून खण उघडला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

साहेब थांबला. त्याचा चेहरा बदलला होता. त्यानं डायरी वहिनीसमोर धरली. म्हणाला, ताई, नीट सांगा. तुमच्याकडे जनावरं नाहीत आणि इथे घरचं शेणखत लिहिलंय. ही डायरी कोणी लिहिली? आणि मग माझ्याकडे बघत पुढे म्हणाला, गटाच्या माणसानं लिहिली असेल तर मला सगळ्याच डायऱ्या तपासाव्या लागतील.

वहिनीला लिहिता-वाचता चांगलं येतं. तिचं अक्षर गोल, मोत्यासारखं. त्या पानावरचं अक्षर माझं होतं, आणि खाली तिचं नाव मीच काढलं होतं. तिनं पान बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी काय केलं? मी खाली बघितलं. पायाशी एक लाल मिरची पडली होती, तिच्याकडे बघत राहिलो.

"मीच लिखेल शे," वहिनी म्हणाली.

तीन वर्षांत ती बोललेलं ते एकच खोटं, आणि ते माझ्यासाठी होतं. साहेबानं पुन्हा विचारलं, सही तुमचीच? ती हो म्हणाली. त्याला ते पटलं नसावं, पण बाई स्वतः कबूल करतेय म्हटल्यावर तो तरी काय करणार? त्यानं लिहिलं: खोटी नोंद, परवानगीशिवाय बाहेरील खत. पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं. बांधापलीकडून शेजारी बघत होता. साहेबाची गाडी गेल्यावर तो अळ्यांचा हात धोतराला पुसत म्हणाला, वहिनींनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. मला त्याचं नरडं धरावंसं वाटलं. पण कोणत्या तोंडानं धरणार?

एकोणचाळीस जणांना सर्टिफिकेट मिळालं. शेजाऱ्याला शाल-श्रीफळ देऊन आदर्श शेतकरी केला. त्या कार्यक्रमात त्याची माहिती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. वाचली. टाळ्या पडल्या. घरी येऊन मी दोनदा आंघोळ केली तरी अंगाला काहीतरी चिकटलंय असं वाटत राहिलं.

मनाशी रोज ठरवायचो, भावाला सांगून टाकू. मग वाटायचं, नोकरी जाईल, गट बुडेल, एकोणचाळीस घरांचं नुकसान होईल. किती मोठं मन माझं, एकोणचाळीस घरांची काळजी! खरी गोष्ट अशी की मला माझी काळजी होती. लोक म्हणतात, आयजीच्या जिवावर बायजी उदार. मी तो बायजी.

संक्रांतीनंतर भाऊ सुरतेहून आला. ठेकेदारही आला, करारनाम्याचा स्टॅम्प पेपर घेऊनच. ओसरीत बसलो. भाऊ वहिनीला सगळ्यांदेखत बोलला. दहावी पास झालेली बाई, तुला दोन ओळी धड लिहिता आल्या नाहीत? घरात शिकवणारा बसलाय, त्याला तरी विचारायचं होतंस. तीन वर्षं शेताची माती केलीस. ठेकेदारानं समजूतदारपणे मान हलवली. वहिनी दाराशी उभी होती, हातात चहाचा ट्रे. बोलणार नाही असा तिनं शब्दच दिला होता. मी पुढे होऊन चहाचा कप उचलला. तोंड त्यात घातलं आणि तो रिकामा होईपर्यंत बाहेर काढलं नाही.

भावानं सही केली. ठेकेदारानं केली. साक्षीदार कोण? भाऊ म्हणाला, हा आहे ना, घरचाच. कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली, खाली गावाचं नाव घातलं, तारीख घातली.

ते दोघं शेत दाखवायला गेले. मी कप ठेवायला आत गेलो. वहिनी चुलीशी बसली होती, पाठ माझ्याकडे. वळली नाही. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"भाऊजी, हाई सही तरी तुम्हनीच शे ना?"

मी हो म्हणालो.