क्रीम सोडून कुठलाही

सगळी गल्ली तिला खिडकीताई म्हणायची. कारण साधं होतं. नाक्यावरच्या टॉकीजमध्ये तिकिटाच्या खिडकीमागे बसण्यात तिचं अख्खं आयुष्य गेलं. लोकांना तिचा दिसायचा तो फक्त हात, आणि ऐकू यायचा तो एकच शब्द: "नाही." बाल्कनी आहे का? नाही. कोपऱ्यातली सीट? नाही. सुटे? ते तर नाहीच नाही. समोर साहेब असो की हमाल, ताईचा "नाही" सगळ्यांना सारखा. त्याबद्दल तिला लोक शिव्याही द्यायचे आणि मानही द्यायचे.

घरी मात्र या वाघिणीची शेळी व्हायची. घरी तिचा शब्द वेगळा होता: "बरं." वडील म्हणाले, शिक्षण पुरे, नोकरी धर. बरं. आई म्हणाली, धाकट्याचं शिक्षण होऊ दे, मग तुझं लग्न बघू. बरं. पुढे बघायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही, त्यालाही ही बाई बरंच म्हणाली. धाकटा शिकला, मोठ्या शहरात गेला, तिथेच त्याने संसार थाटला. आईवडील गेले. मागे उरलं दुमजली घर, वरखाली क्रीम रंगाच्या भिंती आणि त्यात एकटी ताई.

मग टॉकीज बंद झालं. मालक भला माणूस. म्हणाला, ज्याला जे हवं ते न्या, नाहीतरी भंगारातच जायचंय. शहाण्या लोकांनी पंखे नेले, बॅटऱ्या नेल्या. ताईने काय न्यावं? बाल्कनीतल्या लाल मखमली खुर्च्यांची एक जोडलेली रांग, दारातला माणसापेक्षा उंच आरसा आणि नाणं टाकलं की दिवे लागून वजनाचं तिकीट बाहेर फेकणारं ते यंत्र. हातगाडीवर ही वरात घरी आली तेव्हा शेजारीण गॅलरीतून म्हणाली, "ताई, पडदा तेवढा राहिला की हो आणायचा!" ताईने सगळं मागच्या खोलीत ढकललं, वर चादरी टाकल्या आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत धाकट्याचा फोन आला. "ताई, मी ठरवलंय. घर विकून टाकू या. तू इकडे ये आमच्याकडे. गिऱ्हाइकं मी पाठवतो, तुला फक्त घर दाखवायचंय. पण एक, मला गिऱ्हाईक पसंत पडलं की मग तू नाही म्हणायचं नाहीस हं."

सवय वाईट. ताई म्हणाली, "बरं."

फोन ठेवला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. तिला हे घर सोडायचं नव्हतं. इतकी साधी गोष्ट होती आणि ती तोंडातून निघाली नव्हती. जिन्याची कुठली पायरी कुरकुरते, कुठली खिडकी किंचित उचलून लावावी लागते, हे तिच्या हाडांना माहीत होतं. भावाच्या घरी ती कोण? पाहुणी. चार दिवस लाडाची, पाचव्या दिवशी भाजी निवडायला बसलेली. पण शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द फिरवायचा म्हणजे तिला नाक कापून घेतल्यासारखं वाटायचं. तिने दोन दिवस धड जेवण केलं नाही.

तिसऱ्या दिवशी फोन करून धाकट्यानेच तिला वाट दाखवली, बिचाऱ्याने. "ताई, रंगारी लावून घे. भिंती अगदी कळकट झाल्यात. रंग कुठला तो तू बघ, मला वेळ नाही. फक्त बघणाऱ्याच्या डोळ्यात भरला पाहिजे."

भावांनी बहिणींना असली वाक्यं ऐकवू नयेत. ताईने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. तिने गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नव्हतं, हे कबूल. पण गिऱ्हाईकच नाही म्हणालं तर? डोळ्यात भरायला हवा काय? भरते. डोळ्यांतून पाणी काढते की नाही बघ!

"बरं," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणताना तिला हसू आलं.

रंगारी म्हातारा, कानावर पेन्सिल, तोंडावर कायमची तक्रार. भिंती घासून, भेगांत लांबी भरून, अस्तराचा हात मारून झाला, तेव्हा त्याने सवयीने विचारलं, "क्रीमच ना?"

"क्रीम सोडून कुठलाही," ताई म्हणाली. "बैठकीला मोरपंखी. गर्द. जिना लालभडक. स्वयंपाकघर पिवळंजर्द, आणि बाहेरचं दार राणी."

रंगाऱ्याने पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली. "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत."

"नाही, म्हणजे घर आहे हे. जत्रेतला पाळणा नाही."

"तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा."

झालं! रंगाऱ्याला जमत नाही म्हणणं म्हणजे शेपटीवर पाय. तो तणतणत कामाला लागला, पण दुसरा हात देताना त्याची तक्रार हळूहळू थांबली आणि चक्क शीळ सुरू झाली. जाताना दारात उभा राहून पुन्हापुन्हा मागे बघत होता. "जन्मभर या गावाला साय फासली मी," तो म्हणाला. "हात विसरला होता बघा, रंग कशाला म्हणतात ते."

आता रंग झाला, मग सामान. ताईने म्हटलं, अर्धवट काही करायचं नाही. मागच्या खोलीच्या चादरी काढल्या. मोरपंखी भिंतीशी लाल खुर्च्यांची रांग. समोर तो थोरला आरसा, म्हणजे येणाऱ्याला एकाच्या जागी दोन बैठकी दिसून दुप्पट धक्का बसावा. जिन्याखाली वजनाचं यंत्र. माळ्यावरून वडिलांचा लाकडी रेडिओ उतरवला, आईचं तीन आरशांचं टेबल पोपटी रंगवलं आणि बैठकीत मधोमध ठेवलं. कोणी शुद्धीवर असलेला माणूस हे घर विकत घेणार नाही, अशी तिची पक्की खात्री झाली.

आणि तिथेच घोटाळा झाला. सापळा लावला गिऱ्हाइकांसाठी, पण पहिली अडकली तीच. सकाळी चहाचा कप घेऊन ती लाल खुर्चीत बसली, तर ऊन मोरपंखी भिंतीवर आलेलं. ती बघतच राहिली. चहा निवला. इतकी वर्षं या भिंतीला तिने पाठ लावली होती, तिच्याकडे तोंड कधी केलं नव्हतं. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली, पिवळं बघून आली. जिना उगीचच दोनदा चढली उतरली. वजनाच्या यंत्रात नाणं टाकलं. दिवे लुकलुकले, तिकीट पडलं. त्यावर लिहिलं होतं, "आपला स्वभाव धाडसी आहे." ताई एकटीच खो खो हसली. तिला आनंद झाला होता, अगदी पोटातून, आणि त्याबरोबरच भीतीही वाटायला लागली. आधी नुसतं घर जाणार होतं. आता तिचं घर जाणार होतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं. निवृत्त साहेब आणि त्यांच्या बाईसाहेब. राणी दारापाशीच साहेबांनी चष्मा पुसला. बैठकीत आल्यावर बाईसाहेबांनी आरशात स्वतःलाच नमस्कार केला. "कळवतो," साहेब म्हणाले आणि चहाला न थांबता गेले. ताईने दार लावून टाळी वाजवली.

दुसरा एक कंत्राटदार होता. भिंतीवर नखाने खरवडून म्हणाला, "निघेल ना हो हा रंग?"

"निघाला तर भिंतीसकट निघेल," ताई गोड आवाजात म्हणाली. "रंगारी फार मन लावून काम करतो आमचा."

तोही गेला. धाकट्याला फोनवर कळेना की चाललंय काय. "ताई, घराला काही वास वगैरे येतोय का? फोटो तरी पाठव."

"कॅमेरा बिघडलाय रे फोनचा."

शेवटी तो वैतागला. म्हणाला, तिसरं गिऱ्हाईक मी स्वतः घेऊन येतो. दातांच्या डॉक्टर आहेत, सरळ बाई आहेत, हो किंवा नाही तिथल्या तिथे सांगतील.

खिडकीमागे बसून ताईला एक विद्या आली होती. पुढे आलेला हात बघून ती माणूस ओळखायची. हा बाल्कनीचा, हा पुढच्या रांगेचा, हा तिकीट घेऊन परत करायला येणार. डॉक्टरीणबाईंनी नमस्कार केला तेव्हा ताईने हात न्याहाळले. नखं बारीक कापलेली, एक अंगठी नाही, घड्याळाचा पट्टासुद्धा पांढरा. ही क्रीमवाली! ताई निर्धास्त झाली. मागे धाकटा उभा होता, तो राणी दाराकडे बघत नुसता तोंडाची उघडझाप करत होता.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "हे काय?"

"डोळ्यात भरलं ना?"

डॉक्टरीणबाई आत गेल्या. बैठकीत उभ्या राहिल्या. स्वयंपाकघर बघितलं. लाल जिन्यावर हात फिरवला. यंत्रावर चढून वजन केलं आणि तिकीट वाचून लाजल्या. मग लाल खुर्चीत बसल्या, पाय लांब केले आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला.

"दिवसभर पांढरं बघते हो मी," त्या म्हणाल्या. "पांढऱ्या भिंती, पांढरा कोट, पांढरे दात. तेही असले तर. मला हे घर हवंय. असंच हवंय. या खुर्च्या, तो आरसा, काहीही हलवायचं नाही."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! धाकट्याचा चेहरा मात्र उजळला. "झालंच मग," तो म्हणाला. "मला पसंत. ताई?"

त्याने विचारलं ते फक्त रीत म्हणून. "बरं" येणार हे त्याला ठाऊक होतं. ते जन्मभर येतच आलं होतं. ताईने त्या पांढऱ्या घड्याळाच्या पट्ट्याकडे पाहिलं. तो हात तिच्या खुर्चीच्या मखमलीवर फिरत होता.

"नाही," ती म्हणाली.

आवाज खिडकीतला होता, खणखणीत. ती स्वतःच दचकली.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. मला हे घर द्यायचं नाही. कुणालाच नाही. शब्द मोडला म्हण, लबाड म्हण. मी इथून हलणार नाही."

डॉक्टरीणबाई शहाण्या. त्या उठल्या, म्हणाल्या, "मला वाटलंच. असं घर कोण सोडेल?" दारातून त्यांनी रंगाऱ्याचा नंबर तेवढा मागून घेतला आणि गेल्या.

मग धाकटा भडकला. "अगं, मी हे कुणासाठी करतोय? माझं काय अडलंय? टॉकीज बंद झालं त्या संध्याकाळी फोनवर तूच म्हणालीस ना, घर खायला उठतं! मला रात्रभर झोप नाही. म्हटलं, ताई एकटी पडली, तिला तिथून काढलं पाहिजे."

ताईने कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, ते म्हणायचं असतं! नोकरी गेली त्या दिवशी माणूस आणखी काय म्हणणार? घर खायला उठतं म्हटलं, घर विक कुठे म्हटलं?"

"मग सांगायचं ना तसं! इतका रंग फासण्यापेक्षा?"

धाकटा पाय आपटत लाल जिना चढून वर गेला. त्याची जुनी खोली वर होती. थोड्या वेळाने तो खाली आला, तो पाय न आपटता. राग ओसरला होता, पण तोंड उतरलं होतं.

"माझी खोली तशीच आहे," तो म्हणाला. "तोच क्रीम. पोपडे आलेत. सगळं घर रंगवलंस आणि तेवढीच सोडलीस. माझ्यावर इतकी रागावलीस?"

"रागावू कशाला?" ताईला खरोखरच नवल वाटलं. "खोली तुझी. तुला विचारल्याशिवाय मी कशी रंगवणार?"

धाकटा तिथेच पायरीवर बसला. त्याचे कान लाल झाले. सबंध घर विकायला काढताना आपण कुणाला विचारलं होतं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. ताईनेही सांगितलं नाही. ती चहा टाकायला आत गेली, आणि परत आली तरी तो तसाच बसलेला.

"चुकलं माझं, ताई."

"असू दे. आता विचारते. कुठला रंग देऊ?"

"तू म्हणशील तो."

"अजिबात नाही! या घरात हे आता बंद. तुझं तू सांग."

धाकट्याने कप हातात घेतला, बराच विचार केला आणि शाळकरी पोरासारखा चाचरत म्हणाला, "जांभळा?"

ताईचा चेहरा आंबट झाला. "जांभळा?" ती म्हणाली. "शी! अरे, बघणारे काय म्हणतील!"