घासलं की बसतं

जेवता जेवता तोंडातली कवळी काढून तिला कानस मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. समोर श्रीखंडाची वाटी असायची. काका खालची कवळी काढायचे, चार हात कानस चालवायचे, भुकटी फुंकरीने उडवायचे, तीही नेमकी माझ्या दिशेने, आणि न धुता कवळी परत तोंडात सरकवायचे. "घासलं की बसतं," म्हणायचे आणि पुरीकडे वळायचे. श्रीखंडावरची माझी वासना उडाली ती तिथेच.

ओहायोतल्या डब्लिनची मराठी मंडळी त्यांना पाठीमागे 'बसतंयकाका' म्हणत. मूळचे सांगलीचे, मेकॅनिकल इंजिनिअर, इथल्या पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मी पुण्याहून आयटीच्या नोकरीवर आलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते. घर मिळेपर्यंत तळघरातली खोलीही त्यांनीच दिली. माणूस मायेचा, यात शंका नाही. पण त्या घरात एक वस्तू धड नव्हती. कड्या, नळ, मिक्सरची झाकणं, सगळं कुठलं तरी कुठेतरी घासून बसवलेलं. काकू नळ सोडताना आधी मागे सरून उभ्या राहत.

शेजारी डेल राहायचा. निवृत्त बसड्रायव्हर, हसरा, हरणांच्या शिकारीचा शौकीन. त्याच्या वडिलांच्या रायफलची बॅरल झिजली होती. नवी आणून ठेवली होती, पण बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे रांग होती आणि शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला. हे त्याने कुंपणावरून सांगितलं मात्र, काकांचे डोळे लकाकले. "आय ॲम इंजिनिअर, डेल. गिव्ह मी वन वीकेंड." मग माझ्याकडे वळून, "अरे, नळीच तर बदलायची! त्याला काय दुकान लागतं?"

बॅरल आवळून धरायचा शिकंजा काकांकडे नव्हता. त्यांनी काकूंचा माहेरून आणलेला सागवानी पोळपाट मधोमध कापला, दोन तुकड्यांत बॅरल धरली आणि वरून गाडीचा जॅक लावून दाबली. पान्याला नळाचा पाइप जोडला आणि त्याला अक्षरशः लोंबकळले. जुनी निघाली, नवी चढली. मग तेलकट हात बनियनला पुसून त्याच हातांनी शेंगदाणे खाल्ले आणि ओंजळ मलाही पुढे केली. काकू त्या दिवसापासून पोळ्या ओट्यावर लाटू लागल्या.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. काकांनी गॅरेजमध्ये पाट मांडून हत्यारांची पूजा केली. पाने, जॅक, कानस आणि मधोमध डेलची उघडी रायफल. हळदकुंकू, अक्षता, सगळं सढळ हातानं. मग मापाची वेळ आली. काडतुसाच्या आकाराचा एक पोलादी तुकडा आत घालायचा, त्यावर बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, पुरता बंद व्हायला हवा, असं डेलनं सांगून ठेवलं होतं. बोल्ट बंद होईना.

"काका, आत कुंकू आणि अक्षता गेल्यात. आधी साफ करा."

"पूजा झाल्या झाल्या पुसतात होय रे? दसरा होऊ दे." असं म्हणून त्यांनी पूजेतलीच कानस उचलली आणि बोल्टच्या कडेला चालवायला घेतली. पुसायला मुहूर्त नव्हता, घासायला होता! शेवटी बोल्ट बंद झाला. "बसतंय की!"

कुंकू पुसलं की तिथे फट राहणार, हे माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यालाही कळत होतं. मी हात जोडून म्हटलं, "काका, साफ करून परत माप लावा. काडतूस मागे फुटलं तर डेलचा डोळा जाईल."

"एकदा बसलं ते बसलं," काका म्हणाले. मी डेलकडे गेलो. रायफल एव्हाना त्यानं घरी नेऊन आतून-बाहेरून लख्ख पुसली होती. माझं ऐकून तो हसला. "ही इज ॲन इंजिनिअर, मॅन!"

हंगामाच्या पहिल्याच गोळीला काडतूस चिरलं आणि जळत्या दारूचा झोत मागे आला. डेलचा उजवा डोळा गेला.

काका दवाखान्यात भेटून आले आणि कोट काढता काढता म्हणाले, "हल्ली काडतुसांचं पितळ हलकं येतंय." मी कुंकवाचं बोललो, तर उलट मलाच, "देवाला दोष देतोस?" मला किळस आली. कवळीची यायची तशी नव्हे, माणसाची. पुढे डेलनं खटला भरला नाही. त्याचं मन मोठं होतं, पण काकांना तो आपल्या कामाचा दाखला वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात मला सांता क्लाराला नोकरी लागली. निघण्याआधी काकांनी जेवायला बोलावलं. डेलही होता, नवा काचेचा डोळा बसवलेला. तो आतून टोचतो, असं बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं.

काकांनी शर्टाच्या खिशातून कानस काढली आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्यापुढे पसरला. "गिव्ह इट हिअर. लिटल फायलिंग, इट विल सिट."

डेल खो खो हसला. त्याला तो विनोद वाटला. काका हसत नव्हते, हात पसरून वाट बघत होते. मी ताटावरून उठलो. काकूंनी टेबल आवरायला घेतलं.

तळघरात राहिलेलं माझं सामान गाडीत भरत होतो तेव्हा काकू डबा घेऊन बाहेर आल्या. वाटेत खायला लाडू, म्हणाल्या. डबा भलताच जड लागला म्हणून मी झाकण उघडलं. लाडवांखाली, पेपर नॅपकिनात गुंडाळलेली, कानस होती.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी एकदा मागे घराकडे बघून घेतलं आणि हळूच विचारलं,

"लांब आहे ना रे, सांता क्लारा?"