मंडपाची भोकं

सन २०२३. मला सदुसष्टावं लागलेलं होतं, आणि फायनलच्या दिवशी सकाळी सहा वाजता मी कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टावर रफिक मंडपवाल्याच्या हातातली पहार ओढत होतो.

"मामा, सोडा. पायावर पडंल."

"पडू दे. सिमेंट काहून फोडून राहिला?"

"मला प्राचार्य साहेबांनी सांगितलं. बल्ल्या काय हवेला बांधू?"

आदल्या दिवशी मी रिंगांच्या नवीन जाळ्या आणायला नांदेडला गेलो होतो. तेवढ्यात याचं काम अर्ध्याच्या वर झालं होतं. कोर्टाच्या कडेनं भोकं, मधून भोकं. प्रत्येक भोकात अंगठ्याएवढी लोखंडी सळई, सळईला दोरी, दोरीला बल्ली, म्हणजे मंडपाचा खांब. वर झालर.

मी चौथी शिकलो. मूळचा गवंडी. हे कोर्ट मी स्वतः ओतलेलं आहे. खाली मुरूम, त्यावर गिट्टी, त्यावर सिमेंट, आणि पाणी निघून जावं म्हणून एका बाजूला बोटभर ढाळ. काम झाल्यावर कॉलेजनं मला ग्राउंडमन म्हणून ठेवून घेतलं. रिटायर झालो तरी बोलावतात, कारण या कोर्टाची नाडी दुसऱ्या कुणाला माहीत नाही. ग्राउंडमन म्हणजे झाडू मारणारा, असं साहेबलोकांना वाटतं. माझं खरं काम एकच: चेंडू जिथं आपटला तिथून तो सरळ वर आला पाहिजे. या खेळात चेंडू हातात धरून पळता येत नाही, आपटत आपटत पळावं लागतं. त्याला ड्रिबल म्हणतात. खाली भोक असलं की चेंडू तिथं मरतो. पोरगी पुढं जाते आणि चेंडू मागं राहतो.

आता फायनल कसली ते सांगतो. आधी आमच्याकडं मुलींच्या स्पर्धा म्हणजे एका दिवसाचा उरूस. चार कॉलेजं बोलवायची, हरलं ते घरी, मग जेवण आणि फोटो. पोरींनी वर्षभर घाम गाळायचा आणि अर्ध्या तासात बाद व्हायचं. आमच्या खेळाच्या शेख मॅडमनी या वर्षी हट्टानं लीग सुरू केली. लीग म्हणजे प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या कोर्टावर, एकदा त्यांच्या. शेवटी वरच्या दोघांची फायनल. सगळे म्हणाले, दुसऱ्या शनिवारी बंद पडंल. सहा शनिवार झाले, एक मॅच चुकली नाही. पहिल्या शनिवारी बघायला मी आणि एक कुत्रं होतं. सहाव्या शनिवारी पोरींच्या आया भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि फाउल दिला की पंचाला शिव्या घालत होत्या. याला मी मोसम चांगला गेला म्हणतो.

फायनलला आमच्या पोरी आणि कळमनुरीकडच्या पोरी. नांदेडहून दोन पंच येणार होते. आमची कॅप्टन वैष्णवी, डोंगरकड्याची, शेवटच्या वर्षाला. यानंतर तिला कॉलेजची मॅच नाही. तिची आई आजवर एकदाही आली नव्हती. त्या दिवशी येणार होती.

मी तडक प्राचार्यांच्या बंगल्यावर गेलो. ते चहा पीत होते.

"साहेब, कोर्टात पहार मारली."

"मामा, चिडू नका. मोसम यशस्वी झाला. समारोप थाटात व्हायला पाहिजे, दादासाहेबांची इच्छा आहे." दादासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष.

"मग लिंबाखाली करा की. सावली हाय, जागा हाय."

"फोटोत मागं रिंग आली पाहिजे."

"आन् फायनल?"

"दोनला सत्कार, चारला फायनल."

"मंडप कवा काढायचा?"

"बघू. नाहीच जमलं तर दोन्ही टीम संयुक्त विजेत्या जाहीर करू. कप सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं. कुणी नाराज नाही."

कुणी नाराज नाही. सहा शनिवार पोरींनी गुडघे फोडून घेतले ते यासाठी. मी नमस्कार न करता बाहेर पडलो. आयुष्यात पहिल्यांदा.

शेख मॅडम कोर्टाच्या गेटपाशी उभ्या होत्या. डोळे लाल.

"मामा, मी काल तीनदा सांगितलं. साहेब म्हणाले, तुम्ही पोरींची तयारी बघा. मी म्हणाले, वॉर्मअप घेतेच. म्हणाले, तसली नाही. साड्यांची. पाहुण्यांच्या स्वागताला पोरी पाहिजेत."

"तुमी काय म्हणलात?"

"काय म्हणणार? नोकरी आहे, मामा."

मला नोकरीचं भ्या नव्हतं. रोजंदारीवरच्या माणसाला काढून काढून काय काढणार. मी रफिककडं परत गेलो.

"तू खरं सांग. मंडप उतरवायला किती टाइम?"

"दोन तास. घाई केली तर एक."

"अर्ध्या तासात?"

"सगळ्या गावानं हात लावला तर."

भोकं सिमेंटनं भरून उपयोग नव्हता. सिमेंट सुकलं म्हणजे धरलं असं नसतं. त्याला सात दिवस पाणी पाजावं लागतं, मगच ते मार खातं. माझ्याकडं एक सकाळ होती. मग मी घरून बाभळीचा जुना वासा आणला आणि खुंट्या तासायला बसलो. खाली निमुळत्या, वर जाड. सळई निघाली की खुंटी ठोकायची आणि वरचा भाग करवतीनं जमिनीसरशी कापायचा. बाभूळ सिमेंटएवढी नाही, पण एक मॅच सोसते. किती लागतील ते रफिकला विचारलं. त्यानं त्याची भोकं फिरून दाखवली. मी चार जास्तीच्या केल्या. दुपारी बारापर्यंत पोतं भरलं. रफिक मधूनच येऊन बघून जायचा.

"मामा, मला बी शरम वाटून राहिली."

"शरम राहू दे. दुसरी करवत हाय का?"

त्यानं आणून दिली.

सत्कार दोनचा होता. दादासाहेब तीनला आले. रिंगेखाली स्टेज, स्टेजच्या मागं त्यांचा माणसाहून मोठा फ्लेक्स, हात जोडलेला, आणि फ्लेक्सच्या वर रिंग. वैष्णवी साडी नेसून शाली-नारळाचं ताट धरून उभी. साडीखाली तिचे खेळायचे बूट दिसत होते, तेवढं तिनं कुणाचं ऐकलं नव्हतं. एकेक पाहुणा उठला. यानं त्याला शाल घातली, त्यानं याला. पोरींना कुणी काही घातलं नाही. त्यांचं नाव सूत्रसंचालकानं 'आपल्या लेकी' असं एकदाच घेतलं.

सव्वाचारला दादासाहेब उभे राहिले. म्हणाले, मी जास्त वेळ घेणार नाही. हे वाक्य ऐकून नांदेडच्या पंचानं शिट्टी खिशात ठेवली. दादासाहेब स्त्रीशक्तीवर बोलू लागले. कनातीच्या मागं दोन्ही टीमच्या पोरी बूट बांधून बसल्या होत्या.

मागच्या रांगेतून एक बाई उठून माझ्यापाशी आली. वैष्णवीची आई.

"दादा, खेळ कवा हाय? सातनंतर आमच्याकडं गाडी न्हाई."

कोर्टाला लाइट नाही. साडेसहाला अंधार पडतो. मी सूर्याकडं बघितलं आणि म्हणालो, "आत्ता हाय."

मी शेवटच्या रांगेतली रिकामी खुर्ची उचलली आणि कोर्टाबाहेर ठेवली. मग दुसरी. मग बसलेल्या बायांना म्हणालो, "ताई, जरा उठा. खुर्ची घेऊन रेषेच्या भाईर बसा, तिथून चांगलं दिसतं." त्यांना सांगायचाच अवकाश होता. एक रांग उठली, मग दुसरी. मी मागच्या बल्लीच्या दोरीला करवत लावली तसा रफिक पळत आला.

"मामा, दोरी कापू नका, माझी हाय. मी सोडतो."

त्यानं आपल्या पोरांना हाक मारली. मागचा पडदा खाली आला आणि उन्ह सरळ दादासाहेबांच्या तोंडावर. ते थांबले.

"कोण आहे तो? काय करून राहिला?"

मी पुढं गेलो. माझ्या एका हातात करवत होती, ती खाली ठेवायची राहिली.

"मी किसन, ग्राउंडमन. दादासाहेब, तुमी बंद करू नका. माइकची वायर लांब हाय. लिंबाखाली उभं राहून बोला, ऐकू येतं बराबर."

"साहेब, हे तुमच्या कॉलेजात चालतं?" दादासाहेब प्राचार्यांकडं वळले. प्राचार्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी त्यांना कर्ज मागायला आलोय.

तेवढ्यात पंच स्टेजपाशी आला आणि घड्याळ दाखवत म्हणाला, "अध्यक्ष महाराज, पाचला सुरू केलं तर संपतं. नाहीतर आम्ही निघतो." शहराच्या माणसानं म्हटलं की ते म्हणणं होतं. मी म्हटलं की तो माज होतो. दादासाहेबांनी 'जय महाराष्ट्र' म्हणून माइक ठेवला.

मग मात्र कुणाला सांगावं लागलं नाही. कनातीमागून दोन्ही टीमच्या पोरी धावत आल्या. वैष्णवीनं साडीवरच दोन बल्ल्या वाहिल्या, नंतर तिकडंच कपडे बदलून आली. रफिक सळई उपटायचा, मी खुंटी ठोकायचो, त्याचा भाऊ करवत मारायचा. स्टेज पाहुण्यांच्या माणसांनी उचललं. पाचला पाच मिनिटं कमी असताना मी कोर्ट झाडून पंचाला म्हणालो, "घ्या."

मॅच दहा-दहा मिनिटांच्या चार डावांची असते. अशी मॅच आमच्या कोर्टानं बघितली नव्हती. आमच्या पोरी दोननं पुढं, त्या तीननं पुढं, असंच चाललं. वैष्णवीची आई आधी खाली मान घालून बसली होती. तिसऱ्या डावात ती उभी राहून ओरडत होती, "अगं टाक की, काहून थांबली?" माझ्या खुंट्यांवर चेंडू चार-पाच वेळा पडला. सरळ वर आला. मी प्रत्येक वेळी श्वास सोडला.

शेवटचं अर्धं मिनिट. आम्ही एक गुणानं पुढं. चेंडू वैष्णवीच्या हातात, आणि ती रिंगेकडं निघाली. चेंडू आपटला आणि वर आलाच नाही. ती दोन पावलं पुढं गेली, चेंडू मागं राहिला. कळमनुरीच्या पोरीनं तो उचलला, धावत गेली आणि रिंगेत टाकला. शिट्टी झाली. एक गुणानं हरलो.

मी जाऊन बघितलं. भोक होतं. पण रफिकचं नव्हतं. स्टेजच्या मागं जो फ्लेक्स होता, त्याच्या चौकटीला आधार म्हणून फ्लेक्सवाल्या पोरांनी एक सळई मारली होती आणि जाताना उपटून नेली होती. स्टेज उचललं तेव्हा मी तिकडच्या बाजूला बघितलंच नाही. रफिकनं दाखवलेली सगळी भोकं मी बुजवली आणि मिशीवर ताव दिला. चार खुंट्या पोत्यात शिल्लक होत्या.

वैष्णवी टॉवेलात तोंड घालून बसली होती. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी म्हणालो, "पोरी, तुझ्या हातून न्हाई गेला. भोक माझं ऱ्हायलं."

तिनं टॉवेल काढला. "मामा, भोक त्यायच्या पोरींला बी होतंच की. त्या काय उडून खेळल्या का?"

मला दादासाहेबावर चिडायचं होतं, प्राचार्यावर चिडायचं होतं, आणि या पोरीनं ते सगळं माझ्याच हातात ठेवलं. गवंड्यानं दुसऱ्यानं मोजलेल्या भिंतीवर विटा चढवू नयेत, स्वतः दोरी लावावी. हे मी हाताखालच्या पोरांना शिकवत आलो आणि ऐन वेळी मीच विसरलो. पण पहार मारायला सांगणाऱ्याला मी माफ केलेलं नाही, ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सहाला गेलो. सगळ्या खुंट्या उपसल्या, वाळू-सिमेंट कालवलं आणि सगळ्यांत आधी ते फ्लेक्सचं भोक भरलं. वर ओलं पोतं टाकलं, पोत्यावर बोरीच्या काट्या ठेवल्या. आठ वाजता शिपाई दोन गोष्टी घेऊन आला. एक, माझ्या नावाचा मेमो: कार्यक्रमात व्यत्यय, लेखी खुलासा द्यावा. दुसरं, दादासाहेबांचा निरोप: कालचा फोटो नीट आला नाही, दहाला परत येतात, कोर्ट उघडून ठेवा.

मी मेमोवर सही केली. मग गेटला कुलूप लावलं, चावी खिशात घातली आणि शिपायाला म्हणालो, "सिमेंट ओलं हाय. सात दिवसांनी या म्हणावं."