एका बिटाची जागा

आमच्या साहेबाला सगळे गोगलगाय म्हणायचे, कारण बोलणं मऊ आणि पाय सगळे पोटात. मला तो माणूस आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच कोणी म्हणायला नको की बाईनं आडून वार केला.

त्याच्या खोलीत दोन खुर्च्या. एकीवर तो, दुसरीवर फायलींचा ढीग. तो ढीग बारा वर्षांत हलला नाही, म्हणजे आलेल्यानं उभ्यानंच बोलायचं आणि उभ्यानंच चालू पडायचं. कर्नलचा, म्हणजे मशीनच्या मुळाशी बसून सगळ्यांना मेमरी वाटून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, तो प्रमुख. मी तपासणीच्या टेबलावर. मशीन चालू असताना त्यात मेमरीची पट्टी बसवायची आणि मशीन ती मोजतं का बघायचं, हे माझं काम. पंधरा वर्षांत माझ्या हातून एक पट्टी मोडलेली नाही.

यंदा एका गिऱ्हाइकासाठी अर्ध्या जीबीच्या पट्ट्या आल्या. एकही मोजली जाईना. परत पाठवल्या, तर पुरवठादारानं तपासून तशाच माघारी धाडल्या, माल चोख आहे म्हणून. गोगलगाय माझ्या टेबलाशी आला. "बाई, राग मानू नका, पण तुमचा हात जरा जड आहे." आणि तेच माझ्या कामाच्या नोंदीच्या कागदावर लिहून मोकळा झाला. माझा करार महिनाअखेरीस संपत होता. 'हाताळणीत दोष' असा शेरा घेऊन गेले असते, तर या कामात मला कोणी दारातही उभं केलं नसतं.

घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या हातून कधी कपाचा टवका उडाला नाही. तो मेला काय बोलतो?" एरवी आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. त्या दिवशी मात्र मी त्यांना आयता चहा हातात दिला.

दुसऱ्या दिवसापासून मी कर्नलच्या फायली वाचायला बसले आणि चौथ्या दिवशी सापडलं. कर्नल मेमरीचे सारखे तुकडे पाडतो, त्यांना सेक्शन म्हणतात. नवी मेमरी घ्यायची तर पूर्ण सेक्शनभर, नाही तर नाहीच. आमचं सेक्शन एक जीबीचं. तो आकडा गोगलगायीनं स्वतः ठरवलेला, तेव्हा पट्ट्याही तेवढ्याच यायच्या. आता अर्धी पट्टी दारात आली की कर्नल तोंड फिरवणार. यात माझा हात आला कुठे?

"सेक्शन अर्ध्या जीबीचं करा," मी त्याच्या खोलीत उभी राहून म्हटलं.

"बसत नाही, बाई," तो म्हणाला. लगेच, पापणी न हलवता.

तिथेच माझं डोकं सणकलं. 'बघतो' नाही, 'का' नाही, एकदम 'बसत नाही'. म्हणजे याला ठाऊक होतं. आधीपासून ठाऊक होतं, आणि तरी खापर माझ्या डोक्यावर फोडलं.

खरं ते खरं, बसत नव्हतंच. सेक्शनचे आणखी बारीक तुकडे म्हणजे पानं, आणि प्रत्येक पानासाठी बत्तीस बिटांचा, म्हणजे हो-नाहीच्या बत्तीस घरांचा, एक कप्पा असतो. पानाच्या खुणा त्यातच, आणि ते पान कितव्या सेक्शनमधलं हा नंबरही त्यातच. सेक्शन निम्मं केलं की सेक्शनं दुप्पट होतात, नंबर लांबतो, एक बिट जास्त लागतो. कप्पा तर गच्च भरलेला. मी सगळे बत्तीस बिट कागदावर मांडले आणि एकेकाचा धनी शोधला. एकतीस कामावर होते. बत्तिसाव्यातली खूण सात वर्षांत कोणी वाचलीच नव्हती.

ती गोगलगायीची. पाय प्लास्टरमध्ये असताना अकरा दिवसांत त्यानं ती लिहिली होती, एका गिऱ्हाइकासाठी. काम झकास होतं, मीच तपासलं होतं. त्याच कामावर तो प्रमुख झाला. मीटिंगच्या खोलीत त्या कामाबद्दल त्याच्या नावाची पितळी पाटी लावली आहे. गिऱ्हाईक केव्हाच बंद पडलं, पण पाटी राहिली आणि बिटही राहिला. त्या पाटीपायी हा माझ्या पोटावर पाय देत होता.

मी थेट मोठ्या बाईंकडे गेले. त्या सगळ्या विभागाच्या वर, पाल्हाळ त्यांना खपत नाही. त्यांनी आम्हा दोघांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं. मी मशीन टेबलावर ठेवलं आणि नवी पट्टी गोगलगायीपुढे धरली.

"सर, तुमचा हात हलका. तुम्ही बसवा."

त्यानं बसवली. अगदी सुबक बसवली. मशीननं मोजली नाही. ती काढून दुसरी बसवली. तीही नाही.

मग मी दुसरं मशीन लावलं. त्यातल्या कर्नलमधून मी त्याची खूण काढली होती आणि सेक्शन अर्ध्या जीबीचं केलं होतं. तीच पट्टी माझ्या जड हातानं बसवली. आकडा अर्ध्या जीबीनं वाढला.

मोठ्या बाईंनी विचारलं, "ती खूण कोण वापरतं?"

"सध्या कोणी नाही," तो पाटीकडे न बघता म्हणाला.

"मग काढा. आणि यांचा कागद नीट करा."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला कागदासाठी खोलीत बोलावलं. मी फायलींचा ढीग उचलून जमिनीवर ठेवला आणि खुर्चीत बसले. त्यानं शेऱ्याखाली लिहिलं, 'अडचण दूर झाली.'

"अडचण नव्हती, सर. शेरा खोटा होता. खोटा असं लिहा."

त्यानं पेन खाली ठेवलं. "बाई, तो बिट मी सकाळीच काढला. आता हेही?"

"हेही."

तेवढा एक शब्द लिहायला त्याला पाच मिनिटं लागली. मला घाई नव्हती. खुर्ची चांगली होती.