सात नंबरची चकती

नागपुरात समुद्र नाही, म्हणूनच की काय, पन्नाशी उलटल्यावर आम्हा नवरा-बायकोला समुद्राच्या तळाशी जायचं खूळ लागलं. ह्यांचं इतवारीत भांड्यांचं दुकान. ते बंद ठेवून आम्ही मालदीवला डायव्हिंगच्या बोटीवर आठ दिवस राहायला गेलो. तिथे सगळं घंटेवर चाले. घंटा झाली की उडी मारा, वर या, खा, लोळा, की पुन्हा घंटा. खाणं इतकं, की पाण्यात बुडायला वेगळं वजन कशाला बांधतात असं मला वाटायचं.

एक नियम मात्र कडक होता. शिडीजवळच्या फळीवर प्रत्येकाच्या नंबरची चकती टांगलेली असे. पाण्यात जाताना लाल बाजू करायची आणि वर आलं की आपल्याच हाताने हिरवी. सगळ्या हिरव्या झाल्या की बोट निघायची.

आता घरी ह्यांची बीपीची गोळी मी देते, चष्मा मी शोधते, टॉवेलही मीच. माझ्याशिवाय ह्यांचं पान हलत नाही, हे मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगायची. चौथ्या दिवशी आम्ही सोबतच वर आलो. मी शिडी चढले, हे मागेच होते. मी माझी सहा नंबरची चकती फिरवली, त्याच हाताने ह्यांची सात नंबरचीही फिरवली, आणि गरम पाणी संपायच्या आत अंघोळीला पळाले.

डोकं पुसत बाहेर आले तर बोट चालू लागलेली. दोन कप चहा घेऊन ह्यांना शोधलं. खोलीत नाहीत, वरच्या डेकवर नाहीत. संडासाचं दार ठोठावलं तर आतून भलताच माणूस खेकसला.

"अवं माय! हे पाण्यातच राहिले!"

बोट वळली. शिडीवर नेमलेल्या खलाशाला त्याचा वरिष्ठ फाडून खात होता, आणि तो बिचारा मान खाली घालून फळीवरच्या हिरव्या चकत्यांकडे बोट दाखवत होता. मी आधी हातातले दोन्ही कप खाली ठेवले. मग म्हटलं, "त्याला बोलू नका. चकती मी फिरवली." मी कठडा धरून मनात एकच घोकत होते: देवा, मले माहा माणूस दे.

शेवटी लाटांत ह्यांनी खुणेसाठी फुगवलेला नारिंगी फुगा दिसला. पायातला पोहायचा रबरी पंख सुटला म्हणून हे वळले होते, तेवढ्यात प्रवाहाने ओढून नेलं. वर घेतलं तेव्हा ओठ निळे पडले होते. मी टॉवेल गुंडाळला तर मलाच समजवायला लागले.

"रडून काहून राहिली वं? मी नाही घाबरलो. बोट जाताना दिसली मले. म्हटलं, तू हायेस न वर. मी चढल्याबिगर तू बोट हलू देत नाही."

मग मला ह्यांना चकतीचं सांगावं लागलं.